बाईंची बाथरूम आणि दातवाल्यांचं छत

दातवाल्या डॉक्टरांनी "आ करा" म्हटलं, पेशंटने आ केला, आणि वरून एक थेंब बरोबर त्याच्या तोंडात पडला. पेशंट सभ्य होता. हल्ली उपचारात असंही काही करत असतील असं समजून त्याने चूळ भरली आणि बेसिनमध्ये थुंकून टाकली. दुसऱ्या थेंबाला मात्र त्याने डोळे उघडले आणि छताकडे बोट केलं. डॉक्टरांनी वर पाहिलं. बरोबर खुर्चीच्या डोक्यावर एक ओला डाग पसरला होता आणि त्याच्या मधोमध तिसरा थेंब तयारी करत होता.

त्या छताच्या वर बाईंच्या फ्लॅटची बाथरूम होती.

बाई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण 'बाई' या हुद्द्यावरून त्यांना कुणी निवृत्त केलं नव्हतं. भाजीवाला, पोस्टमन, डॉक्टर सगळे त्यांना बाईच म्हणत. क्वचित गडबडीत त्यांचे यजमानही. मावशीकडून आलेला हा फ्लॅट त्यांच्या राहत्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होता आणि तो त्यांनी भाड्याने दिला होता. फ्लॅटची देखभाल त्या स्वतः करत. देखभाल म्हणजे अधूनमधून न सांगता जायचं, बेल वाजवायची आणि खिडक्यांवरून बोट फिरवून धूळ बघायची.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा योगायोगाने लेकही दुसऱ्या फोनवर होती. तिने सगळं ऐकलं.

"आई, माझं ऐक. फ्लॅट प्रॉपर्टी सांभाळणाऱ्या कंपनीकडे दे. भाडेकरू, दुरुस्ती, कमिटी, सगळं तेच बघतात. माझ्या सासऱ्यांनी दिलाय ना, आता ते मजेत पोहायला जातात."

"तुझ्या सासऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना स्वतःचा चष्मा सांभाळता येत नाही. मी शाळा चालवली आहे, शाळा! एक बाथरूम मला जड आहे का?"

यजमान पेपर वाचत होते. ते हवामान खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे ठाम विधान करायची त्यांना सवय नव्हती.

"जड जाण्याची शक्यता आहे," ते पेपराआडून म्हणाले.

बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. पर्स घेतली, छत्री घेतली (ऊन-पाऊस काही नव्हता, बाईंना बोलताना हातात काहीतरी लागायचं) आणि त्या निघाल्या.

फ्लॅटमध्ये एक तरुण मुलगी आणि तिची म्हातारी आई राहायची. मुलगी रेडिओवर बातम्या वाचायची, म्हणून बाई तिला मनातल्या मनात 'बातम्यावाली' म्हणत. आवाज असा खणखणीत, की तिने साधं "दूध संपलं" म्हटलं तरी ऐकणाऱ्याला देशभर टंचाई जाहीर झाल्यासारखं वाटे. तिने बाईंना बाथरूमच्या दाराशी नेलं.

"कोपऱ्यातल्या फरशीखाली पाणी मुरत असून," ती म्हणाली, "परिस्थिती सध्या नियंत्रणात आहे."

आई मागून म्हणाली, "बसा हो बाई, घाई काय आहे? चहा टाकते."

बाई बसल्या नाहीत. त्यांनी प्लंबरला बोलावलं. प्लंबरने कान लावून भिंत ऐकली, पाना वाजवला आणि निकाल दिला, "पाइप ठणठणीत आहे. फरशी खराब." फरशीवाल्याला बोलावलं. त्याने हातोडीच्या दांड्याने सगळी फरशी ठोकून पाहिली. "फरशी बघा कशी घट्ट बसलीय! पाइप गळतोय."

शाळेत दोन पोरं एकमेकांकडे बोट दाखवू लागली की बाई दोघांनाही समोरासमोर उभं करायच्या. इथेही त्यांनी तेच केलं. प्लंबर आणि फरशीवाला त्या चिंचोळ्या बाथरूममध्ये अंगाला अंग लावून उभे राहिले, बाई दारात छत्री टेकून. मग दोघांची नजरानजर झाली, बोलता बोलता ते एकाच शाळेत शिकल्याचं निघालं, आणि दोघांनी एकमताने सांगितलं की ही अख्खी इमारतच वाईट बांधलेली आहे. मग ते चहा प्यायला गेले. एकत्र.

बाई घरी परतल्या त्या तोंड पाडून. जिन्यातच शेजारचे इंजिनियरकाका भेटले. काका सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते, आणि सल्ला द्यायला त्यांना प्रश्न लागत नसे.

"बाई, पाणी कुठे मुरतंय तेच आधी शोधलं पाहिजे. रंगीत पाणी सोडा! जिथे रंग उतरेल तिथे गळती. आम्ही पुलांना हीच परीक्षा करायचो."

"तुमच्या पुलांवर बाथरूम होत्या का?" यजमानांनी दारातून विचारलं. हा त्यांचा त्या आठवड्यातला सर्वांत ठाम प्रश्न होता.

पण बाईंना कल्पना पटली. शास्त्रीय होती, स्वस्त होती, आणि मुख्य म्हणजे तिला लागणारं साहित्य घरातच होतं. शाळा सोडताना कपाटात उरलेल्या लाल शाईच्या बाटल्या त्यांनी बरोबर आणल्या होत्या. वहीत चुका राहिल्या नव्हत्या, तरी शाई उरली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यातल्या बऱ्याचशा बाटल्या बादलीभर पाण्यात रिकाम्या केल्या आणि ते पाणी बाथरूमच्या कोपऱ्यात ओतलं. बातम्यावाली कामावर गेली होती. तिच्या आईने तोंडाला पदर लावून विचारलं, "बाई, हे धुतल्यावर जाईल ना?"

"विज्ञानात थोडं सोसावं लागतं," बाई म्हणाल्या.

खाली त्या वेळी डॉक्टरांच्या खुर्चीत एक गृहस्थ नुसते दात दाखवायला आले होते. ते घाबरट होते आणि डॉक्टर त्यांना प्रेमाने समजावत होते, "काहीही करणार नाही, फक्त बघणार. घाबरायचं नाही." गृहस्थांनी हळूहळू तोंड उघडलं. गळ्यात बांधलेल्या पांढऱ्या फडक्यावर लालभडक थेंब पडला. मग दुसरा. मग एक त्यांच्या हनुवटीवरून गळ्यात उतरला.

"डॉक्टर, रक्त!"

"अहो, मी अजून हातसुद्धा लावला नाही!"

पण गृहस्थ फडक्यासकट दाराबाहेर पडले होते. जिन्यात त्यांना वरून येणाऱ्या बाई भेटल्या. बाईंनी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आलं वाटतं खाली!" त्या आनंदाने म्हणाल्या.

गृहस्थ जे पळाले ते पुन्हा कुठल्याच दातवाल्याच्या दारात उभे राहिले नसावेत. बाहेर बाकावर बसलेल्यांचेही दात एकाएकी दुखायचे थांबले आणि ते एकेक करून उठून गेले. उरले डॉक्टर. ते लाल छताखाली उभे होते.

"बाई, मी आजवर तुमच्या वयाचा मान ठेवला. आता वकिलाचा सल्ला घेईन."

"पण गळती तिथेच आहे हे सिद्ध झालं ना?"

"ते मला आधीही माहीत होतं! माझ्याच डोक्यावर पडतंय!"

डॉक्टर त्या दिवसापासून बाईंना पाण्यात पाहू लागले. पाणीही त्यांच्याकडे मुबलक होतं.

आता फरशी उखडायची म्हणजे इमारतीच्या कमिटीची परवानगी हवी. बाईंनी सुवाच्य अक्षरात, परिच्छेद पाडून अर्ज लिहिला आणि सेक्रेटरींकडे नेला. सेक्रेटरी तळमजल्यावर राहत. इमारतीचे नियम त्यांना तोंडपाठ होते आणि ते पाळले जाण्यापेक्षा मोडले जाण्याची ते जास्त वाट बघत. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"तुम्ही 'गळती' लिहिलंय."

"मग?"

"गळती असेल तर विषय पाणी समितीचा. झिरप असेल तर बांधकाम समितीचा."

"फरक काय दोन्हीत?"

"तोच तर प्रश्न आहे. तो कमिटीत चर्चेला येईल."

"पाणी थेंब थेंब पडतंय हो. डॉक्टरांच्या पेशंटच्या तोंडात पडतंय!"

"तोंडात पडतंय ना? मग ते पाणी समितीचं वाटतं," सेक्रेटरी विचारपूर्वक म्हणाले. "पण स्लॅबमधून येतंय. वरची फरशी तुमची, खालचं छत डॉक्टरांचं. मधला स्लॅब कुणाचा? तो सर्वांचा. सर्वांच्या वस्तूला हात लावायचा तर सर्वांची सभा हवी. सभेला पुरेसे लोक हवेत. लोक येत नाहीत."

"का येत नाहीत?"

"मागच्या सभेत याच मुद्द्यावर भांडणं झाली."

बाईंनी आयुष्यभर इतरांना परवानग्या दिल्या होत्या. परवानगी मागताना तोंड कसं करायचं हेच त्यांना माहीत नव्हतं. त्या तडक उठल्या आणि त्यांनी ठरवलं की आपल्या मालकीच्या फरशीला आपण हात लावायचा. स्लॅबचं सर्वांनी बघून घ्यावं. प्लंबर आणि फरशीवाला आता जिवलग मित्र झाले होते. दोघं मिळून आले आणि बाथरूमची अर्धी फरशी उखडून मोकळे झाले. घण वाजायला लागताच सेक्रेटरी जिना चढून आले आणि काम बंद पाडलं. गडबडीत प्लंबरने कुठला तरी कॉक फिरवला होता. तो बाईंच्या फ्लॅटचा असावा असा त्याचा अंदाज होता. तो वरच्या दोन्ही मजल्यांचा निघाला. वरचे लोक साबण लावलेल्या अवस्थेत जिन्यात आले आणि जी सभा भरवायला माणसं मिळत नव्हती ती आपसूक भरली. ठराव मात्र एकही झाला नाही. बाईंना बरंच काही ऐकावं लागलं आणि ऐकवणाऱ्यांत त्यांचा एक जुना विद्यार्थीही होता. तो शाळेत फार शांत होता.

बाथरूम खणलेली, काम बंद. भाडेकरूंनी अंघोळ कुठे करायची?

"आमच्याकडे या," बाई म्हणाल्या. मालकीणबाईंचं कर्तव्य त्यांना कळत होतं.

तेव्हापासून रोज सकाळी दोन गल्ल्यांतल्या लोकांना बातम्यावाली आणि तिची आई खांद्यावर टॉवेल टाकून जाताना दिसू लागल्या. बातम्यावालीला बाथरूममध्ये दिवसाच्या बातम्यांची तालीम करायची सवय होती. बाईंच्या घरात पहाटे पाण्याच्या आवाजाबरोबर महापूर, निवडणुका आणि क्रिकेटचे निकाल घुमू लागले. यजमान दाढीचं सामान हातात घेऊन बाहेर तिष्ठत राहत. हवामानाचा अंदाज आला की मात्र ते दाराला कान लावून उभे राहायचे आणि पुटपुटायचे, "चुकीचं आहे."

"अहो, चार दिवसांचा प्रश्न आहे," बाई म्हणत.

"अनिश्चित काळाचा असण्याची शक्यता आहे," यजमान म्हणत आणि बेसिनजवळच्या छोट्या आरशात मान वाकडी करून दाढी करत. एक दिवस त्यांनी मिशीचा एक कोपरा उडवला. तेव्हापासून ते बाईंशी कमी बोलू लागले. त्यांचं बोलणं मुळात इतकं कमी होतं, की हे बाईंना बऱ्याच उशिरा कळलं.

खरं तर इथे थांबायला हवं होतं. लेक रोज फोनवर तेच सांगत होती. पण बाईंचा स्वाभिमान आता दुखावला होता आणि दुखावलेल्या स्वाभिमानाला इंजिनियरकाका भेटले. काकांनी पाणी अडवणाऱ्या एका लेपाचं नाव सांगितलं. "फरशी उखडलेलीच आहे. वरून लेप लावून टाका, परवानगीचा प्रश्नच नाही. लेप लावणं म्हणजे काही बांधकाम नव्हे." बाई दुकानातून डबा घेऊन आल्या, जुनं पातळ खोचलं आणि गुडघ्यावर बसून स्वतःच्या हाताने बाथरूमला लेप दिला. ये-जा करायला दारापासून आत एक फळी टाकली. काम संपवून कंबर सरळ करताना त्यांना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

दुपारी बातम्यावालीची आई कोपऱ्यातली बादली काढायला फळीवर गेली. लेप ओला होता, फळी सरकली आणि म्हातारी हातावर पडली.

बाई पोचल्या तेव्हा दवाखान्यात तिच्या मनगटाला प्लास्टर घालणं चाललं होतं. हाड मोडलं होतं. म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तरी ती बाईंकडे बघून हसली.

"तुमचं काही चुकलं नाही हो. मीच बघून चालले नाही. तुम्ही किती जिवाचा आटापिटा करताय आमच्यासाठी."

तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बाईंना उत्तर सुचलं असतं. बातम्यावाली कामावरून धावत आली. तिने आईचा दुसरा हात हातात घेतला आणि बाईंकडे वळली. तिच्या आवाजात आज बातम्या नव्हत्या. तो साधा, थोडा फाटलेला आवाज होता.

"बाई, मला आईशिवाय कुणी नाही. आम्ही दुसरं घर बघतो."

बाई "बरं" म्हणाल्या. छत्री दवाखान्यातच विसरून त्या घरी आल्या आणि खुर्चीत बसल्या. यजमानांनी न विचारता चहा केला, तो बिघडला होता, बाईंनी तो प्यायला.

"मी कुणाचं ऐकायला हवं होतं?" कप खाली ठेवत बाईंनी विचारलं.

यजमानांनी खिडकीबाहेर पाहिलं. "लेकीचं," ते म्हणाले. शक्यता वगैरे काही लावली नाही.

बाईंनी स्वतः कंपनीला फोन केला. दुसऱ्या दिवशी कंपनीची मॅनेजर आली. तिशीतली, पायात धावायचे बूट, खांद्याला पिशवी. बाईंनी सगळी कर्मकथा सांगायला सुरुवात केली तशी ती म्हणाली, "बाई, दोष कुणाचा ते नंतर. आधी सांगा, आजींची अंघोळ कुठे होणार आहे?"

तो प्रश्न बाईंनीही विचारला होता, पण आता लक्षात आलं, की तो त्यांनी सगळ्यात आधी विचारला नव्हता.

कंपनीकडे जवळच सामानसुमानासह एक फ्लॅट रिकामा होता. मायलेकी त्याच दिवशी तिकडे राहायला गेल्या. मग मॅनेजर डॉक्टरांकडे गेली. बाई तिच्या मागे होत्या. डॉक्टरांनी मनात साठवलेलं सगळं तिच्यावर ओतलं. लाल थेंब, पळालेला पेशंट, वकील, बाईंचं वय, सगळं. बाईंचे कान तापले. मॅनेजर नुसती ऐकत होती. डॉक्टर थांबल्यावर तिने विचारलं, "दवाखाना कुठल्या दिवशी बंद असतो? छताचं काम त्या दिवशी करून घेऊ. खुर्चीवर झाकायला आमचंच कापड आणू." डॉक्टर आणखी बोलायला म्हणून तोंड उघडून तसेच राहिले. खुर्चीत त्यांचे पेशंट राहत तसे. मग म्हणाले, "रविवारी."

सेक्रेटरींकडेही तेच. गळती की झिरप हा प्रश्न त्यांनी तिच्यापुढेही टाकला. "दोन्ही लिहिते," ती म्हणाली. दुखापत झाली असेल तर सभेशिवाय तातडीने दुरुस्ती करता येते असं तुमच्याच नियमात आहे ना, असं तिने विचारलं. सेक्रेटरींना नियम पाठ होताच. फक्त आजवर तो कुणी विचारला नव्हता.

जिना उतरताना बाईंना राहवलं नाही. "तुला राग नाही येत? एवढं बोलतात लोक."

"माझं घर नाहीये ना ते," मॅनेजर म्हणाली. "तुमचं आहे. तुम्हाला प्रत्येक थेंब लागतो. मला फक्त तो बंद करायचा असतो. माझ्या आईच्या फ्लॅटचं मीसुद्धा बघत नाही हं. ते ऑफिसातल्या दुसऱ्याला दिलंय. मागच्या खेपेला मी रंगाऱ्यावर धावून गेले होते."

बाई पहिल्यांदा हसल्या.

कंपनीची माणसं आली. त्यांच्यातले प्लंबर आणि फरशीवाला एकाच मुकादमाच्या हाताखाली होते, त्यामुळे दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं. गळका सांधा निघाला तो पाइप आणि फरशी जिथे एकमेकांना भेटतात तिथेच. म्हणजे आधीच्या त्या दोन मित्रांचं दोघांचंही अर्धं-अर्धं खरं होतं. बाईंनी कामाच्या काळात एकदाच तोंड घातलं. भिंतीला आधाराची दांडी बसवा म्हणाल्या, म्हातारीच्या हाताच्या उंचीला. मॅनेजरने दोन बसवल्या.

करारावर सही करताना बाई एका कलमापाशी अडल्या. मालकाने भाडेकरूला आधी कळवल्याशिवाय फ्लॅटवर जाऊ नये.

"हे मला उद्देशून लिहिलंय का?"

"सगळ्या मालकांना आहे."

"बाकीचे मालक मोडत असतील!"

"तुमच्यासारखेच मोडतात, बाई. म्हणून तर लिहावं लागलं."

बाईंनी सही केली. करारातल्या दोन शुद्धलेखनाच्या चुका मात्र दुरुस्त करूनच.

मायलेकी परत आल्या. घर सोडायचा विषय मॅनेजरने त्यांच्याकडे काढलाच नव्हता. तिने फक्त म्हातारीला नवीन बाथरूम दाखवली. म्हातारीने चांगल्या हाताने एक दांडी धरली, हलवून पाहिली, मग दुसरी धरली आणि लेकीला म्हणाली, "इथेच राहू या."

प्लास्टर निघाल्यावर त्यांनी बाईंना आणि यजमानांना चहाला बोलावलं. बाईंनी आदल्या दिवशी कंपनीला आणि बातम्यावालीला, दोघांनाही येत असल्याचं कळवलं. दोघांनीही "या" म्हटलं. आपल्याच घराच्या दारात उभं राहून बेल वाजवताना त्यांनी केस सारखे केले.

आत गप्पा रंगल्या. म्हातारी हात उघडझाप करून दाखवत होती, यजमान बातम्यावालीला रेडिओवरचे अंदाज कसे चुकतात ते समजावत होते. मध्येच बोलणं थांबलं आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. टप्. थोड्या वेळाने पुन्हा. टप्.

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला.

बातम्यावालीने घसा साफ केला. "स्वयंपाकघरातील नळाबाबत," ती आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "संबंधितांना सकाळीच कळवण्यात आलं असून उद्या माणूस येणं अपेक्षित आहे."

संबंधित! आजवर जिथे जिथे हा शब्द आला होता तिथे तिथे बाई होत्या. फुटलेल्या काचेला, हरवलेल्या डब्याला, बंद पडलेल्या घंटेला त्याच संबंधित. आणि या क्षणी, स्वतःच्या मालकीच्या घरात, स्वतःच्या मालकीच्या नळापासून हाकेच्या अंतरावर, त्या संबंधित नव्हत्या. त्यांना आधी थोडं दुखलं. कुणी विचारलंच नव्हतं. मग खांदे सैल झाले. ते इतकी वर्षं आवळलेले होते हे त्यांना ते सैल झाल्यावरच कळलं.

"बाई, काय झालं?" म्हातारीने विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "चहा छान झालाय."

मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांचा चहा कायम गार व्हायचा. कुणीतरी दारात येऊन उभं राहायचंच. हा गरम होता. आत नळ टपटपत होता आणि बाईंनी सावकाश फुंकर घालत, एकेक घोट घेत, तो शेवटपर्यंत गरमच प्यायला.